मेलबर्नहून भागम्माला आणताना

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

आजपासून रोजनिशी लिहायची ठरवली. कारण साधं आहे. दुपारच्या चहाला बसलं की दिवसभराचं भागम्माला सांगायची माझी सवय. ती ऐकते की नाही हे मी कधी पाहिलं नाही, पण ती समोर असायची. सप्टेंबरपासून ती मेलबर्नला आहे, लेकीच्या बाळंतपणाला. आमचा मुलगा शिवप्रकाश चहा पितानाही मोबाइलमधून डोकं काढत नाही आणि सूनबाई त्रिवेणी कप ठेवून आत जाते. मग सांगायचं कुणाला?

तर सांगण्यासारखं हे, की कापूस खरेदीचा हंगाम जोरात आहे. मूठभर कापूस दाबून ओलावा सांगणारे आमच्या मानवत गावात आता दोघंच उरलेत. त्यातला एक मी आणि दुसरा खोटं बोलतो. आज सकाळपासून वजनकाट्यावरून हललो नाही.

लेकीला, वैजयंतीला मुलगी झाली तेव्हा गल्लीभर पेढे वाटले. जावई रुद्रेश मोठा रीतीचा माणूस. सासूला न्यायला तो स्वतः मेलबर्नहून आला होता. निघताना भागम्मा उंबऱ्यात थांबून म्हणाली, "न्यायला जावई आले. परत आणायला तुमी यायाचं." मी "बरं बरं" म्हणालो. गिऱ्हाईक दारात उभं होतं.

परतीचं तिकीट चार डिसेंबरचं आहे. मी कशाला जायला पाहिजे? विमान काय रस्ता चुकतं?

१९ नोव्हेंबर, बुधवार

व्हिडिओवर नात पाहिली. नाक आमच्याकडचं आहे. भागम्माने फोन हातात घेऊन पहिलं काय विचारलं, तर "मग कवा यायलाव?" मी म्हणालो, अगं, तूच यायलीस की चार तारखेला. ती म्हणाली, "ते ठाव हाय मला." आणि फोन ठेवला. तिकडे रेंज कमी असावी.

पोखर्णीचे दत्तराव कापूस घेऊन आले होते, त्यांना ही गंमत सांगितली. ते म्हणाले, "जावा की शेठ, त्यात काय." दत्तरावांचं ठीक आहे, कापूस टाकला की मोकळे. मी त्यांना सांगितलं, लग्न झाल्यापासून मी सासुरवाडीला बायकोला आणायला एकदाही गेलो नाही. भालकीहून तिला आणायला कधी आमचे दिवाणजी जायचे, कधी धाकटा भाऊ, एकदा तर माल पोचवायला गेलेला ट्रकवालाच घेऊन आला. धंदा असा सांभाळावा लागतो. दत्तराव पावती खिशात कोंबून तडक निघाले. भाव आवडला नसेल.

१ डिसेंबर, सोमवार

वैजयंतीचा फोन काट्यावर असतानाच आला. "आप्पा, आईचा व्हिसा नऊ तारखेला संपायलाय. तुमी चार दिवस येऊन जावा ना. म्हणजे ती निघंल."

निघेल म्हणजे काय? तिकीट आहे, पासपोर्ट आहे, विमानात बसवून द्यायला जावई आहे. मी म्हणालो, आईला फोन दे. भागम्मा म्हणाली गुडघे दुखायलेत. मी म्हणालो, चाकाची खुर्ची मिळते, सांगून ठेवतो. त्यावर ती म्हणाली, "तुमाला सगळं कळतं."

हे तिने बऱ्याच वर्षांनी कबूल केलं.

४ डिसेंबर, गुरुवार

भागम्मा विमानात बसली नाही.

वैजयंती सांगते, विमानतळावर गेले, बॅग गाडीतून काढली आणि आई म्हणाली पोटात कालवतंय, चला माघारी. शिवप्रकाश घाबरला. मी घाबरलो नाही. बाईमाणूस, लांबचा प्रवास, होतं असं. मी त्याला आठवड्याने नवीन तिकीट काढायला सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा, नऊच्या आत काढावं लागंल." मी म्हणालो, मुदती मी आयुष्यभर पाहिल्यात. मोंढ्याच्या बाजारात कुठली मुदत आजवर वाढली नाही?

वरणाला मीठ नव्हतं आज. त्रिवेणीला बोललो नाही, लेकरू दमलेलं असतं.

१० डिसेंबर, बुधवार

काल व्हिसा संपला. आज परभणीला आबासाहेबांकडे गेलो. बसस्टँडजवळ त्यांचं तिकिटाचं ऑफिस आहे, व्हिसाची कामं करतात. म्हटलं, वाढवून द्या महिनाभर, जो काही दंड असेल तो भरू.

आबासाहेबांनी चष्मा काढला. "शेठ, ही मुदत मोंढ्यातली न्हाई. ह्या व्हिसावरच लिवलंय, तिथं राहून वाढवता येत न्हाई. कालपासून वहिनी तिथं बेकायदा राहायल्यात. दंड भरून सुटायचं काम न्हाई हे."

बेकायदा हा शब्द आमच्या घरात कुणाच्या नावामागे लागलेला नाही. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "नाव कुणाचं बी असू द्या. आता नीट ऐका. अठ्ठावीस दिवसांच्या आत तिथल्या व्हिसाच्या कचेरीत जायचं, देश सोडून जायाचा कागद करून घ्यायचा आन् निघायचं. नोंद राहील, पण दार उघडं राहील. त्याच्या पुढं गेल्या तर तीन वर्षं व्हिसा विसरा. नात तीन वर्षांची झाल्यावर आजीला दिसंल."

एसटीत मानवतपर्यंत ती तीन वर्षंच डोक्यात होती. वैजयंतीच्या वेळी भागम्मा बाळंतीण असताना पोरीला क्षणभर खाली ठेवत नव्हती. तिच्या हातातून नात काढून घेतली तर काय होईल, हा विचार मला सहन झाला नाही. पण सहा जानेवारीपर्यंत वेळ आहे. वेळ आहे म्हणजे इलाज आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ठरलं. मी स्वतः जाणार.

हे मलाच सुचलं. त्रिवेणी मात्र म्हणते, "मामंजी, मी दिवाळीपासून सांगायलेय." सांगितलं असेल, पण इतक्या हळू बोललं तर कसं ऐकू येणार? काटा शिवप्रकाशकडे सोपवला. ओलाव्याच्या बाबतीत त्याचा हात अजून कच्चा आहे, पण नुकसान झालं तर होऊ दे.

आबासाहेबांकडे माझ्या व्हिसाची दरखास्त भरली. ते मध्येच म्हणाले, "बायको तिथं बिनव्हिसाची असताना नवऱ्याला देतील का, मला शंका हाय." मी त्यांच्यापुढे दुकान, गोदाम, शेत, आयकर सगळ्याचे कागद मांडले. ज्याचं मानवतमध्ये इतकं आहे तो मेलबर्नला राहून काय करील?

संध्याकाळी भागम्माला सांगितलं, "मी येतोय आणायला. बस तिथंच, हलू नको."

तिने मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "खरंच?" मी म्हणालो, मी कधी खोटं बोलतो का. तर म्हणाली, "पांढरा सदरा घालून या. तुमचा तो दुकानातला नगं." एवढ्या गंभीर प्रसंगात सदरा सुचला तिला. बायकांचं डोकं कुठे चालेल सांगता येत नाही.

तिच्या मागे वैजयंती रडत होती की हसत होती, कळलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

मानवतभर झालं. काट्यावर आलेला प्रत्येक जण विचारतो, "शेठ, आस्ट्रेलियाला चाललाव म्हणं?" मी सांगतो, हो, मंडळींना आणायला. मोंढ्यात दोघांनी तर हारही घातला. मी नको म्हणालो, पण फार जोरात नाही.

नवे दोन सदरे शिवायला टाकले.

२३ डिसेंबर, मंगळवार

व्हिसा अजून आला नाही. येईल. मोठा देश आहे, कागद पाहायला वेळ लागतो.

भागम्माचा आता रोज स्वतःहून फोन येतो. पोटही दुखत नाही आणि गुडघेही. मी कुठल्या विमानाने येणार, खिडकीजवळ बसणार का, तिथल्या थंडगार गाडीत मला शिंका येतील का, असलं सगळं विचारते. शेजारच्या बायकांना सांगून ठेवलंय म्हणे की आमचे मालक यायलेत. इंग्रजीत कसं सांगितलंस विचारलं, तर म्हणाली, बोटानं दावलं.

रुद्रेश मधेच बोलला. "मामा, तुमच्या व्हिसाची वाट बघण्यात दिवस जायलेत. आईंचा जायाचा कागद करून घेऊ. मी हैदराबादपर्यंत सोडायला येतो." भला माणूस. पण मी शब्द दिलाय, मानवतभर सांगितलंय, हार घातलेत. मी म्हणालो, जावईबापू, तुम्ही एकदा रीत केलीत, आता आमची पाळी. थांबा, मी पोचतोच.

त्याने "बरं" म्हटलं. ते माझंच "बरं" वाटलं मला.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

व्हिसा नाही. आबासाहेबांनी आज सरळ सांगितलं, "शेठ, वहिनींना निघायला सांगा. चार दिस उरलेत." मी भागम्माला फोन लावला. तिने कॅमेऱ्यात नातीचे पाय दाखवले, आणि माझ्या तोंडून "निघ" आलंच नाही. तीच म्हणाली, "तुमी येणार म्हणलाव ना?"

म्हणालो, येणार.

७ जानेवारी, बुधवार

काल मुदतीचा शेवटचा दिवस गेला. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, भागम्माला कुणी पकडलं नाही. आज तिकडे तिने ज्वारीचं पीठ शोधून काढून भाकरी केल्या. मला वाटतं आबासाहेब थोडं वाढवून सांगतात, धंद्याची सवय असते ती.

माझा व्हिसा आला की वकील गाठून समोरासमोर बोलेन. समोरासमोर बोललं की काम होतं, हा माझा अनुभव आहे.

१० जानेवारी, शनिवार

नामंजूर.

शिवप्रकाशने वाचून दाखवलं. अर्जदाराची पत्नी मुदत संपूनही तिथेच राहिली आहे, म्हणून अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही. माझ्या परत येण्याची खात्री नाही. माझ्या. भर हंगामात.

मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तो म्हणाला, "आप्पा, परत वाचलं तरी त्येच लिवलंय."

संध्याकाळी वैजयंती फोनवर रडली. तिथल्या वकीलबाईने सांगितलं की आता जायचा कागद केला तरी तीन वर्षांची बंदी लागणार. "आप्पा, म्या तुमाला पयल्या डिसेंबरलाच म्हणलं होतं, या. नुसतं या. दोन दिवसासाठी."

मी फोन भागम्माला द्यायला सांगितला. वाटलं होतं, आता चार शब्द ऐकावे लागणार. ती म्हणाली, "मग न्हाई येता येणार तुमाला?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "बरं." इतकंच. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मी सदऱ्यांची घडी कपाटात ठेवली. आज पहिल्यांदा चहा तसाच राहिला. मला लाज वाटली. मोंढ्यातल्या हारांची नाही, तिच्या त्या "बरं"ची.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. त्रिवेणीने तीळगूळ दिला आणि उभीच राहिली. एरवी ती चहा ठेवून आत जाते, आज गेली नाही.

"मामंजी, रागवू नका. आत्याबाई व्हिसा कळत न्हाई म्हणून थांबल्या न्हाईत."

"मग?"

"तुमी आणायला जावं म्हणून थांबल्यात. आमच्या माहेरी बी असंच हाय. न्यायला आलेलं माणूस दारात दिसलं की बाईचं पाऊल निघतं."

मी म्हणालो, विमानाचा जमाना आहे. ती म्हणाली, "जमाना विमानाचा हाय, बाई त्याच हायत." आणि आत गेली. एवढं ती या घरात आल्यापासून बोलली नव्हती. तिचं सगळंच पटलं असं नाही. पण झोप लागली नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

भागम्माचा फोन. तिने काल रुद्रेशबरोबर कचेरीत जाऊन जायचा कागद केला. महिनाअखेरपर्यंत निघायचं आहे. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुमाला तिथवर येऊ देत न्हाईत, तर अर्ध्या वाटंवर या."

मी म्हणालो, समुद्रात का?

नातीने जांभई दिली. शिवप्रकाश जवळ होता, त्याने मोबाइल काढला. विमान क्वालालंपूरला बदलतं आणि मलेशियाला आपल्याला व्हिसा लागत नाही. मी तिथे पोचायचं, ती येईल, तिथून हैदराबादला दोघं बरोबर. पोरगं मोबाइलमध्ये उगीच डोकं घालून बसत नाही असं दिसतं.

मी म्हणालो, काढ तिकीट. या वेळी मोंढ्यात कुणाला सांगितलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार, क्वालालंपूर

सकाळी उतरलो. शिक्का मारणाऱ्या बाईने पासपोर्ट परत दिला तेव्हा रांगेतच उभा राहून शिक्क्यावरची तारीख वाचली. मागचे खोळंबले, खोळंबू दे. मग हातपाय धुतले, विभूती लावली आणि एका बाकावर बसून तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केली. एकाही माणसाने वळून पाहिलं नाही. जग शहाणं झालंय किंवा घाईत आहे.

पांढरा सदरा घातला होता.

बाहेर येणाऱ्यांच्या दारासमोर दुपारपर्यंत उभा होतो. इतका वेळ मी काट्यावर सोडून कुठे उभा राहिलेलो नाही. लोकांच्या हातात नावांच्या पाट्या होत्या. माझ्याकडे नव्हती. आपली बायको आपल्याला पाटीशिवाय ओळखेल की नाही, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा पडला.

भागम्मा आली. खुर्ची नाही, काही नाही, सरळ चालत. मला पाहिलं आणि थांबली. मी हात केला तरी जागची हलली नाही. मागून येणारे तिला वळसा घालून जात होते. मग मीच दोरीखालून वाकून पलीकडे गेलो. शिपाई काहीतरी ओरडला, ओरडू दे.

"आलाव," ती म्हणाली.

"आलो."

बॅगला हात लावू दिला नाही तिने. मला एका बाकावर बसवलं, पिशवीतून डबा काढला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. सगळं कागदावर मांडलं. मी म्हणालो, अगं, इथे हॉटेलं आहेत. ती म्हणाली, "न्यायला आलेल्या माणसाला जेवू घातल्याबिगर निघत न्हाईत. लेकीच्या घरचं हाय, खावा."

मी खायला लागलो. ती फोनवर नातीचे फोटो बघत होती. एक बघायची, मला दाखवायची, दुसरा बघायची. एकात नात झोपली होती आणि तिच्या मुठीत भागम्माचं बोट होतं. तो तिने मला दाखवला नाही. मी वाकून पाहिला. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

मी म्हणालो, "मुदतीचं तुला कुणी नीट सांगितलं नाही. माझीही चूक झाली, मला ते वाढवून मिळेल वाटलं."

"मला सांगितलं हुतं की," ती म्हणाली. "वैजूनं भिंतीवर तारीख लावून ठिवली हुती. रोज दिसायची."

"ठाऊक होतं तुला? मग निघाली का नाहीस?"

"तुमी येताव का न्हाई ते बगायचं हुतं."

मी घास खाली ठेवला. तिने पाणी दिलं. मी पाणी प्यालो आणि मग विचारलं. न विचारता राहवेना.

"आणि मी आलोच नसतो तर?"

तिने पुढचा फोटो उघडला. नात हसत होती.

"तर तिथंच राहून हिला थोरली केली असती," भागम्मा म्हणाली. आवाजात राग नव्हता. घरात पीठ किती उरलंय हे सांगताना असतो तसा आवाज होता.

मी घास पुन्हा उचलला. कागदावरचं सगळं संपवलं, हात धुऊन आलो, आणि या वेळी तिने बॅगला हात लावू दिला.